चाकांवरची सोंगे

फाल्गुन वद्य प्रतिपदेस, उभा महाराष्ट्र धुळवडीच्या राखेत आणि रंगात न्हाऊन निघालेला असतो त्या दिवशी, नाशिकच्या जुन्या पेठांतून वीरांची मिरवणूक निघते. ज्या घराण्यांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक पूजेत आहेत, ती घराणी ते टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून बाहेर काढतात. आणि राम, कृष्ण, शंकर, खंडोबा अशा वेषांत नटलेली घरची पोरे वाजंत्र्यांच्या गजरात होळीला प्रदक्षिणा घालून ते गोदावरीवर स्नानास नेतात. दाजीबा वीराचे बाशिंग पाहण्यास लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला मुलाला घटकाभर देव करण्याची या गावाची हौस निराळी सांगावी लागत नाही. प्रश्न इतकाच की, ज्या मुलाचे चालणे चाकांच्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याने ही हौस ओट्यावर बसून केवळ पाहावी की मिरवणुकीत सामील होऊन भोगावी?

या प्रश्नाला अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात एका बापाने आपल्यापुरते उत्तर शोधले. रायन वायमर या गृहस्थाच्या मुलांना स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा आनुवंशिक विकार होता. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचविणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी या विकारात झिजत जातात, शरीर दुबळे होते, आणि बुद्धी मात्र शाबूत राहते, म्हणजे आपण कशाला मुकलो आहोत याची त्या बालकाला पुरती जाणीव असते. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणात तिकडची मुले सोंगे घेऊन दारोदार फिरतात. वायमर यांच्या चिमुरड्याला चाचा व्हायचे होते. तेव्हा 2008 च्या सुमारास त्यांनी त्याच्या खुर्चीभोवती चाच्यांचे जहाजच उभारले. एरवी खुर्चीकडे पाहून बिचकणारी मुले त्या जहाजाभोवती गोळा झाली. पुढे 2015 साली ‘मॅजिक व्हीलचेअर’ ही संस्था निघाली. ठिकठिकाणचे स्वयंसेवक मुलाला काय हवे ते विचारतात आणि त्याच्या कुटुंबाकडून दमडी न घेता त्याच्या खुर्चीवर अजस्र सर्प, अवकाशयान, नाहीतर चित्रकथेतील एखादा वीर साकार करतात.

कल्पना ऐकायला सोपी आहे; खरी कसोटी मापाची. घडीची खुर्ची 1933 साली एव्हरेस्ट या जायबंदी अभियंत्याने आणि त्याच्या जेनिंग्ज नावाच्या मित्राने सिद्ध केली, ती बैठकीखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांच्या आधारावर. बैठक मधोमध धरून वर उचलली की दोन्ही बाजू जवळ येतात आणि खुर्ची मोटारीच्या डिकीत मावते. म्हणून सोंगाचा ढाचा अखंड बांधला तर खुर्चीची घडीच होत नाही आणि बापाची पंचाईत होते. जाणता कारागीर डावा आणि उजवा असे दोन भाग निरनिराळे करतो, ते मळसूत्रांऐवजी पट्ट्यांनी आवळतो, आणि दोन मिनिटांत सुटतील अशी तजवीज ठेवतो. मागच्या मोठ्या चाकांच्या बाहेरील कडी मुलाने हाताने फिरवायची असते. तेथे बोटे अडकणार नाहीत इतकी मोकळीक हवी. पुढची लहान चाके वळताना स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतात, त्यांच्या वाटेत झालर लोंबली की खुर्ची तोंडघशी पडलीच समजावी. विजेची खुर्ची असेल तर जॉयस्टिक मोकळी आणि बॅटरी हवेशीर राहिली पाहिजे. भार पुढे फार झाला तरी धोका, मागे फार झाला तरी धोका. सबब प्लास्टिकच्या पोकळ नळ्या आणि रबरी फोमचे तक्ते हेच सामान तिकडे मान्य झाले आहे.

हे सर्व वाचताना नाशिककराला आपल्याच मुलखाची आठवण व्हावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत बोहाड्याच्या रात्री लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून संबळ-सनईच्या तालावर सोंगे नाचतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे याचा मान पिढ्यान्‌पिढ्या मुक्रर असतो. हलका पण टिकाऊ मुखवटा कसा करावा, हे तेथील कारागिराने फोम पाहण्यापूर्वीच ओळखले आहे. शहरात वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीसाठी देखावे उभारणारी मंडळे आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नळी वाकविणारे, जोडकाम करणारे कसबी हात आहेत. कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ ओढणाऱ्या गावाला चाकांवरून देव कसा न्यावा हे काय शिकवायचे?

सेवेची परंपराही येथे नवी नाही. बौद्धिक विकलांग मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी 1977 साली नाशकात ‘प्रबोधिनी’ या संस्थेची स्थापना केली, तेव्हा अशा मुलाला शाळा हवी हेच पुष्कळांच्या गळी उतरवावे लागत होते.

मात्र अशी सोंगे येथे बांधायची तर काही बाबतींत मी कठोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली हाताने चालवायच्या चाकांच्या खुर्च्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत खुर्ची ज्याची त्याच्या देहाच्या मापाची आणि त्याच्या वाटेच्या जमिनीस साजेशी असावी, हा मुख्य आग्रह आहे. आणि आपल्याकडे शिबिरातून मिळालेल्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत बालक उशांच्या आधाराने कलंडून बसलेले दिसते. अशा खुर्चीवर सोन्याचा गरुड बसविला तरी पाठीचा कणा वाकडा होण्याचे टळत नाही. सोंग बांधणाऱ्याने आधी फिजिओथेरपिस्टला पाचारण करून बैठकीची रुंदी, पाठीची उंची, पायटेकूचे अंतर ठीक करून घ्यावे, आणि मगच पुठ्ठा कापावा. दुसरे पथ्य छायाचित्रांचे. देणगीदाराचा फलक मुलाच्या छातीवर येणार असेल, तर तो खर्च वाचलेला बरा.

आणि विषय मुलाने ठरवावा. मोठ्यांच्या मनात नेहमी श्रीकृष्णाचा रथ येतो, कारण तो आपल्याला शोभिवंत वाटतो. मुलाला कदाचित लाल एस.टी. हवी असेल. मग एस.टी.च करावी, पुढे ‘नाशिक–पेठ’ अशी पाटी लावावी, घंटीची दोरी त्याच्या हाताशी यावी, आणि त्याने टिंग टिंग केल्याखेरीज कोणी मागून ढकलू नये.