दुकानदाराचे डोळे : हातकामाच्या ऑनलाइन दुकानाविषयी

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात ‘पापणिक’ या नावाची दोन छोटी सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. भिक्खूंना उपदेश करताना तथागतांनी तेथे दुकानदाराचा दृष्टान्त घेतला आहे. पहिल्या सुत्तात सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामाकडे लक्ष न देणाऱ्या दुकानदाराची भरभराट होत नाही, असे सांगितले आहे. दुसऱ्यात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण दिले आहेत : तो चक्खुमा असतो, विधुर असतो आणि निस्सयसंपन्न असतो. येथील ‘विधुर’ शब्दाचा मराठीतील विधुराशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ खरेदी-विक्रीत कुशल असा आहे. चक्खुमा म्हणजे डोळस. हा माल एवढ्याला पडला, एवढ्याला विकला तर भांडवल इतके आणि नफा इतका, हे ज्याला दिसते तो डोळस. निस्सयसंपन्न म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवून धनवान गृहस्थ आपणहून भांडवल देऊ करतात तो.

उपदेश भिक्खूंसाठी होता हे खरे. परंतु दृष्टान्त इतका नेमका आहे की आज मोबाइलवर दुकान थाटू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी हातकामाचे कसब आहे. कोणाची आई गोधड्या शिवते, कोणाचे वडील बांबूच्या वस्तू करतात, कोणाच्या घरी चामड्याचे काम चालते. मुलगा किंवा मुलगी शिकून शहरात जाते, आईच्या गोधडीचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकते, दहा जण ‘किंमत काय?’ असे विचारतात आणि दुकान सुरू होते. प्रस्तुत लेखात गोधडीचेच उदाहरण घेतले आहे, कारण वसतिगृहात येताना बहुतेकांच्या पेटीवर एक गोधडी बांधलेली असे आणि तिचे मोल आपणा सर्वांना ठाऊक आहे. मोल ठाऊक असले तरी किंमत मात्र फार थोड्यांना काढता येते.

ही दुकाने बंद पडतात तेव्हा गिऱ्हाईक मिळाले नाही, असे कारण सांगितले जाते. माझ्या मते अधिक खोल कारण असे की आईच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली असते. “कापड जुनेच होते, दोरा दीडशेचा लागला, पाचशेला विकली, साडेतीनशे सुटले,” असा हिशेब सांगितला जातो. चाळीस तास वाकून बसलेल्या पाठीचा त्यात उल्लेखही नसतो.

आपल्या समाजाला हा प्रकार अपरिचित नाही. वतनाच्या आणि बलुत्याच्या व्यवस्थेत काम करणाऱ्याने आपला दर सांगायचा नसे. सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे राबणाऱ्याच्या श्रमाला निश्चित मोबदला मिळावा ही भूमिका होती. गोधडी ही कोणा एका जातीची कला नव्हे. महाराष्ट्रात सर्वच समाजांतल्या स्त्रिया ती शिवतात. पण घरातल्या स्त्रीने विरंगुळा म्हणून केलेले काम, असा शिक्का तिच्यावर बसला आहे आणि परिणाम तोच होतो. ऑनलाइन दुकानात प्रथमच करणारा स्वतः दर सांगतो. तो नीट सांगता आला पाहिजे.

एक उदाहरण मांडून पाहू. एका माणसाला पुरेल अशी गोधडी आहे, काठापासून सुरू करून मध्यापर्यंत बारीक धावदोरा घातला आहे आणि तिला चाळीस तास लागले असे समजू. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर मजुरीच २४०० रुपये होते. आतले थर, वरचे नवे कापड, दोरा, धुणे-वाळवणे यांचे ४०० रुपये. बांधणीचे साहित्य ६०. वीज, मोबाइल, इंटरनेट यांचा वाटा ९०. एखादी गोधडी परत येते, एखादीला डाग पडतो, त्यासाठी १५० बाजूला. दुकान वाढावे म्हणून ३०० शिल्लक. बेरीज ३४०० रुपये झाली. एवढे हाती यायलाच हवेत. टपालखर्च वेगळा, तो गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

आता हीच गोधडी एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत ठेवायची आहे आणि तेथे कर धरून १५ टक्के कमिशन कापले जाते असे समजा. बहुतेक जण ३४०० वर १५ टक्के चढवतात आणि ३९१० ही किंमत लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापले जाते. ३९१० चे १५ टक्के म्हणजे सुमारे ५८६ रुपये गेले, हाती ३३२४ आले. ७६ रुपये कमी पडले. बरोबर रीत अशी : ३४०० ला ०.८५ ने भागावे. उत्तर ४००० येते. त्यातून ६०० गेले की ३४०० उरतात. ७६ रुपये क्षुल्लक वाटतील, पण त्या तीनशेच्या शिलकेतला चौथा हिस्सा त्यात गेला. सुत्तातला डोळस दुकानदार तो हाच.

चार हजारांची गोधडी कोण घेणार, हा प्रश्न लगेच येतो. आठवडी बाजारात त्याच्या कितीतरी कमी पैशांत गिरणीचे ब्लँकेट मिळते आणि ज्याला थंडीपुरते पांघरूण हवे आहे त्याने ते जरूर घ्यावे. तो आपला गिऱ्हाईक नाही. हाताचे टाके ज्याला हवेत, नातवंडासाठी किंवा लग्नाच्या भेटीसाठी जो वस्तू शोधतो आहे, तो आपला. असे लोक थोडे असतात आणि विखुरलेले असतात. म्हणून तर ऑनलाइन दुकानाचा उपयोग. शिवाय पहिल्याच भेटीत अनोळखी दुकानाला चार हजार देण्यास कोणीही कचरतो. बाळाचे दुपटे, उशीचा अभ्रा, गोधडीच्या कापडाची पिशवी अशा पाच-सहा तासांत होणाऱ्या वस्तू सोबत ठेवाव्यात. गिऱ्हाईक आधी दुपटे घेतो, टाके पाहतो आणि मग मोठ्या गोधडीची चौकशी करतो. मजुरी कमी करून वस्तू स्वस्त करण्यापेक्षा वस्तू लहान करणे केव्हाही चांगले.

दुसरा गुण कौशल्याचा. ऑनलाइन गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही, ही उणीव छायाचित्राने आणि शब्दांनी भरून काढावी लागते. छायाचित्र सकाळच्या उजेडात, ओसरीत किंवा दारापाशी काढावे. फ्लॅशने रंग खोटे येतात. एक पूर्ण गोधडीचे, एक टाक्यांचे जवळून, एक उलट्या बाजूचे आणि एक खाटेवर पसरलेले, म्हणजे आकार कळतो. जुन्या लुगड्याची प्रत्येक गोधडी निराळी असते, म्हणून विकायची तीच गोधडी चित्रात हवी. ‘साधारण अशीच मिळेल’ हे चालत नाही. लांबी-रुंदी फुटांत आणि सेंटिमीटरमध्ये, वजन, कापड सुती की मिश्र, जुने किती आणि नवे किती, कसे धुवावे, एवढे लिहावे. कोठे रंग विटला असेल तर त्या जागेचेही छायाचित्र द्यावे. दोष आधी दाखवलेली वस्तू सहसा परत येत नाही. ‘अप्रतिम’, ‘अद्वितीय’ ही विशेषणे मात्र गाळावीत. ती सगळेच लिहितात.

जाहिरातीला फार पैसा लागतो हा समज चुकीचा आहे. व्हॉट्सॲप बिझनेस विनामूल्य आहे आणि त्यात वस्तूंची यादी चित्रांसह लावता येते. एका प्रसारण यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून गिऱ्हाइकाला तशी विनंती करावी. नातेवाइकांच्या आणि जयंती उत्सव समितीच्या गटांवर रोज जाहिरात टाकू नये, लोक वैतागतात. इन्स्टाग्रामवर तयार वस्तूपेक्षा शिवणारे हात पाहणे लोकांना अधिक आवडते; अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरते. ॲमेझॉनचे ‘कारीगर’ आणि फ्लिपकार्टचे ‘समर्थ’ हे कारागिरांसाठीचे उपक्रम आहेत, त्यांच्या अटी वाचाव्यात. आणि प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर किंवा एखाद्या बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमात पुस्तकांच्या दुकानाशेजारी दोन गोधड्या आणि क्यूआर कोड छापलेली पत्रिका ठेवली, तर ज्याने टाका बोटाने पाहिला आहे तो महिन्याने घरूनही मागणी नोंदवतो. सकाळ, दुपार, सायंकाळ हे पहिल्या सुत्तातले वेळापत्रक निरोपांना उत्तर देण्यासाठी आजही योग्य आहे. दिवसभर मोबाइल धरून बसण्याची गरज नाही. मात्र तीन वेळा नक्की.

पाठवणीत अनेकांचे हात पोळतात. बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन केलेला गुणाकार भागिले ५०००. दोन किलोची गोधडी ४५, ३५, २० च्या खोक्यात सैल ठेवली तर ती ६.३ किलोची ठरते. तीच घट्ट घडी करून, दाबून, सुतळीने बांधून ४०, ३०, १० मध्ये बसवली तर २.४ किलो. तेव्हा खोके आधी आणि गोधडी नंतर, असे करू नये. स्पीड पोस्टाचा दर वेगळा विचारून पाहावा. खेड्यातल्या पत्त्यावर टपाल खाते हमखास पोहोचते. वस्तू पोहोचल्यावर पैसे देण्याची सवलत नव्या दुकानाने देऊ नये. गिऱ्हाईक दारातून परत पाठवतो आणि जाण्या-येण्याचा दोन्ही खर्च आपल्या माथी बसतो.

पैशांबाबत एक गोष्ट घरातल्या सर्वांना पाठ असावी : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका,’ असे कोणी म्हणाले की तो फसवणारा आहे, मग तो स्वतःला सैनिक म्हणवो की अधिकारी. पैसे भरल्याचे चित्र पाहून वस्तू पाठवू नये. बँक खात्यात रक्कम दिसली पाहिजे.

कायद्याची बाजू थोडक्यात. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून या मर्यादेतील विक्रेत्याला राज्यांतर्गत विक्री बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर नोंदणीशिवायही करता येते. त्यासाठी एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या संकेतस्थळांवरून परराज्यात माल पाठवायचा असेल तर नोंदणी लागते. आरंभीच एकदा करसल्लागाराला भेटावे.

राहिला तिसरा गुण, भांडवल आणि विश्वास. गोधडीचा हंगाम उलटा आहे. शेतीची कामे संपल्यावर उन्हाळ्यात शिवण चालते, पावसाळ्यात कापड नीट वाळत नाही आणि विक्री मुख्यतः थंडीत होते. म्हणजे मे महिन्यात घातलेला पैसा डिसेंबरात परत येतो. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी ठेवावा, असे सांगितले आहे. पहिल्या हंगामाचे पैसे हाती आले की मोबाइल किंवा गाडी घेण्याचा मोह होतो. ते दोन भाग तेव्हाच बाजूला काढले नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात कापडाला पैसे उरत नाहीत. सावकारापेक्षा महिला बचत गटाचे कर्ज बरे आणि तेथे पत हीच की मागचा हप्ता वेळेवर गेला.

काम वाढले की आईच्या जोडीला शेजारच्या चार-पाच बाया येतात. तेव्हा दुकान चालवणारा मुलगा त्यांच्या दृष्टीने मालक होतो, त्याला ते आवडो वा न आवडो. वस्तू विकली तरच मजुरी, हा नियम त्यांच्यावर लादू नये. सात महिने थांबण्याची त्यांची ऐपत नसते. निदान निम्मी मजुरी गोधडी हाती आली त्याच दिवशी द्यावी, उरलेली किती आणि कोणत्या तारखेला हे वहीत त्यांच्यासमोर लिहावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. विक्रीची किंमतही त्यांच्यापासून लपवू नये. गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव टाकले तर गिऱ्हाइकाला आवडते, पण त्याआधी त्या बाईला विचारावे. काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहींना गावात चर्चा नको असते. अशा वेळी नुसते गावाचे नाव पुरते.