आर्क थांबवा, प्लेट पळवा

समजा, तुम्हाला स्टीलच्या जाड प्लेटवरच्या 200 मिमी वेल्डचं तापमान काढायचंय. आर्कचा वेग सेकंदाला 5 मिमी, म्हणजे 40 सेकंदांचं काम. आर्कजवळ अर्ध्या मिमीचा मेश घेतला आणि प्रत्येक टाइम-स्टेपला आर्क एक एलिमेंट पुढे नेला, तर 400 स्टेप्स झाल्या. शिवाय आर्क सगळीकडून जाणार, त्यामुळे पूर्ण रेषेवर मेश बारीकच हवा. लॅबमधला कॉम्प्युटर रात्रभर अडकला म्हणून समजा.

आता टॉर्चवर बसलेल्या मुंगीच्या नजरेतून बघा. तिच्यासाठी आर्क जागेवरच आहे, प्लेट मात्र समोरून येऊन मागे पळतेय. सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर तिला दिसणारं तापमानाचं चित्र बदलतच नाही. यालाच क्वासी-स्टेडी अवस्था म्हणतात. डॅनियल रोझेन्थाल यांनी 1941 मध्ये वेल्डिंगसाठी हेच वापरलं. समीकरणातली वेळ निघून जाते, तिच्या जागी वेग गुणिले तापमानाचा उतार अशी एक टर्म येते. 400 स्टेप्सच्या जागी एकच सोल्यूशन!

त्यांच्या बिंदू-स्रोताच्या उत्तरात आकडे घालून बघाच. उष्णता 2000 वॅट, वाहकता 40 (एसआय एककात), डिफ्युझिव्हिटी सेकंदाला 10 चौरस मिमी. आर्कच्या 10 मिमी मागे तापमानवाढ येते सुमारे 800 अंश. तेवढ्याच अंतरावर पुढे? जेमतेम 5 अंश. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची: आर्कच्या बरोबर मागच्या रेषेवर, ठरावीक अंतरावरच्या तापमानात वेग येतच नाही. पण ते अंतर कापायला लागणारा वेळ वेगावर अवलंबून आहेच. तितक्याच वॅटला वेग दुप्पट केलात, तर 800 वरून 500 अंशांवर यायचा वेळ निम्मा होतो. जॉइंटशेजारचं स्टील कडक होऊन तडकणार की नाही, हे बरंचसं त्या काही सेकंदांत ठरतं.

सॉफ्टवेअरमध्ये करताना घोळ होतो तो वेगाच्या चिन्हात. आर्क उजवीकडे जातोय, तर मटेरियलचा वेग डावीकडे द्यायचा. समताप रेषा पुढे दाटीवाटीने आणि मागे लांब शेपटी, असं दिसलं नाही तर चिन्ह तपासा. प्लेट जिथून आत येते तिथे खोलीचं तापमान द्या. जिथून बाहेर जाते तिथे तापमान बांधू नका, फक्त वहनाचा फ्लक्स शून्य ठेवा. आणि वेगाच्या टर्ममुळे एक नवीन बंधन येतं: साध्या गॅलर्किन पद्धतीत एलिमेंटची लांबी डिफ्युझिव्हिटीच्या दुप्पट भागिले वेग, म्हणजे इथे 4 मिमी, याच्यापेक्षा मोठी झाली तर आकडे डोलायला लागतात. खोलीपेक्षा थंड प्लेट दिसली की ओळखायचं.

वेल्डची सुरुवात, शेवट, कोपरे, मध्येच बदलणारा वेग, एकमेकांवर येणारे पास: इथे मुंगीचं चित्र स्थिर राहत नाही. तिथे 400 स्टेप्सना पर्याय नाही. पण तेव्हाही मधल्या भागाचं उत्तर या एका सोल्यूशनशी आधी जुळवून बघा, मगच गाईडकडे जा.