गहू सोडला तरी वजन का उतरत नाही?

महिन्याभराच्या अंतराने दोन भाव जाहीर झाले. २८ मे २०२५ रोजी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला. २४ जूनला वजन उतरवणारं ‘वेगोवी’ इंजेक्शन भारतात आलं, महिन्याला १७,३४५ रुपयांपासून पुढे. बहादरपुरातून बऱ्हाणपूरला कॉलेजसाठी जाणाऱ्या पोराला हा दुसरा आकडा नुसता वाचून सोडून देण्यापुरता. त्याच्या मोबाइलवर वेगळाच उपाय फिरतो आहे: गहू बंद करा, ग्लूटेन सोडा, पोट आपोआप आत जाईल.

या उपायाचा सर्वांत मोठा जाहिरातदार टेनिसपटू नोवाक जोकोविच. २०१० साली एका डॉक्टरने त्याला पावाचा तुकडा पोटाशी धरायला लावला आणि दुसरा हात खाली दाबून पाहिला. हात सैल पडला, म्हणून गहू वर्ज्य! असल्या चाचणीला वैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही. पण पुढच्याच वर्षी पठ्ठ्याने तीन ग्रँड स्लॅम जिंकली आणि जग पोळीकडे संशयाने बघू लागलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७चा तक्ता उघडला की यातली हवा निघून जाते. शंभर ग्रॅम कणकेत सुमारे ३२० कॅलरी, तेवढ्याच ज्वारीत ३३४. प्रथिनं दोन्हींत दहा ग्रॅमच्या आसपास, तंतूही दहा-अकरा ग्रॅम. पोळीऐवजी तेवढ्याच पिठाची भाकरी खाल्ली तर वजनकाट्याला पत्ताही लागणार नाही. मग गहू सोडणाऱ्यांपैकी काहींचं वजन उतरतं ते कसं? गव्हाबरोबर समोसा, कचोरी, पोह्यांसोबतची जलेबी, चहातली बिस्किटं आणि तुपाने थबथबलेला दराबाही सुटतो म्हणून. श्रेय ग्लूटेनला जातं. खरं काम तेल-साखर सुटल्याने झालेलं असतं. उलट बऱ्हाणपूरच्या केळ्याच्या चिप्समध्ये गव्हाचा कणही नसतो, म्हणून त्या पाकीटभर खाऊन कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. साबुदाण्याच्या खिचडीचीही तीच गत.

ज्यांना गहू खरोखर बाधतो त्यांची गोष्ट वेगळी. सीलिअक आजारात ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस होते. डॉ. बी. एस. रामकृष्ण, एम्सचे डॉ. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष मांडले. उत्तर भारतात या आजाराचं प्रमाण १.२३ टक्के निघालं, दक्षिणेत ०.१० टक्के. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात होती. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या घरात, दक्षिणेत जेमतेम पंचवीस. आपण तापीकाठचे लोक या दोन ताटांच्या मधोमध बसलो आहोत. आजोबा दादर ज्वारीच्या भाकरीवर वाढले, नातू गव्हाच्या पोळीवर.

म्हणून सतत जुलाब होत असतील, किंवा गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर आधी टीटीजी ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि मगच गहू सोडावा. क्रम उलटा केला तर रक्तातली प्रतिपिंडं कमी होतात आणि आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. निदान झालंच, तर पथ्य कडक. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं, म्हणजे साधारण गव्हाचे पाच-सहा दाणे. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले गेले असतील तर तेवढं पीठ पाळूत सहज अडकलेलं असतं. फोडणीतल्या बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आणि गंमत म्हणजे अशा रुग्णांपैकी अनेकांचं वजन गहू सोडल्यावर वाढतं, कारण आतडं पुन्हा अन्न शोषू लागतं.

महागड्या पाकिटांची या मुलखाला खरं तर गरजच नाही. कळण्याची भाकरी घ्या. चार वाट्या ज्वारीला वाटीभर सालीचे उडीद, थोडं मीठ, आणि सगळं एकत्र दळून आणायचं. ज्वारीत लायसिन कमी असतं, ती उणीव उडीद भरून काढतात. पिठाला चिकटपणा नसल्याने ते कोमट पाण्यात तळहाताने रगडून मळावं लागतं. कंटाळा केला की थापतानाच कडा फाटतात. खोलीवर राहणाऱ्याला हे जमत नसेल तर ज्वारीच्या कण्या शिजवाव्यात, पीठ भिजवून धिरडी घालावीत. जोडीला मुगाची उसळ, उकडलेली अंडी किंवा वांग्याचं भरीत. भूक लवकर परतत नाही आणि खिसाही फार रिकामा होत नाही.

फार नाही, पण होतो. गव्हाचा २०२५चा हमीभाव २,४२५ रुपये होता, म्हणजे ज्वारी मुळातच किलोमागे पावणेतेरा रुपयांनी वर. दादर तर आणखी वरची. रेशनचा गहू मात्र फुकट. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्य किलोला एक रुपया, गहू दोन आणि तांदूळ तीन असे दर ठरवले होते. कायदा लिहिणाऱ्यांना ज्वारी आठवत होती, पण रेशन दुकानात ती क्वचितच पोचली. २०२३ साली भरडधान्य वर्षाचा एवढा गाजावाजा झाला. निदान आपल्या जिल्ह्यात तरी कार्डधारकाला गव्हाऐवजी ज्वारी मागायची मुभा मिळायला हवी होती. आधी सीलिअकच्या रुग्णाला, मग मागेल त्याला.

ती मुभा मिळेपर्यंत विद्यार्थ्याने रेशनचाच तांदूळ आणि गहू खावा, निर्धास्त खावा. तपासणीत दोष नसेल तर पोळी सोडायची गरज नाही, एक कमी केली तरी पुरे. सोडायचीच असेल तर रोज सकाळची ती जलेबी सोडावी.