अंगात येतं तेव्हा मनात काय चालतं?



आजचा विषय आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे, पण त्यावर बोलताना आपला आवाज आपोआप खाली जातो. कुणाच्या अंगात येतं, कुणाला 'बाहेरचं' होतं, कुणी रात्री दचकून उठतं आणि सांगतं, "छातीवर कोणीतरी बसलं होतं." होळी आली की पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेत लाखो माणसं येतात. नारळांची होळी पेटते, पुढं संदल निघतो. सगळ्या जातीधर्मांचे लोक तिथं असतात, आणि त्यांत कितीतरी कुटुंबं आपलं आजारी माणूस घेऊन आलेली असतात.

अंगात येतं ते खरं की नाटक? हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, देव किंवा भूतच येतं. दुसरा म्हणतो, सगळं सोंग आहे. मनाचं काम कसं चालतं हे पाहिलं तर तिसरं उत्तर मिळतं. ती बाई बहुतेक वेळा खोटं बोलत नसते, आणि तिच्यात बाहेरून कोणी शिरलेलंही नसतं.

रात्री छातीवर कोण बसतं?

आधी झोपेचं पाहू. आपण झोपतो तेव्हा मेंदू बंद पडत नाही. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप आलटून पालटून येत राहते. एक फेरा साधारण 90 मिनिटांचा असतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू जोरात काम करतो, पण हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. म्हणून स्वप्नात आपण कितीही पळालो तरी अंथरुणातच राहतो.

कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागं राहतात. डोळे उघडे, घर दिसतंय, पण हात हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही. छाती दाबल्यासारखी होते. स्वप्नाचा तुकडा अजून डोळ्यांपुढं असतो, म्हणून अंधारात कुणी उभं असल्याचा भास होतो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे सुटतं. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर 'म्हातारी येऊन बसली' असं म्हणतात. म्हणजे अनुभव जगभर सारखाच, फक्त बसणाऱ्याचं नाव गावागावात वेगळं.

झोपेचं वेळापत्रक बिघडलं, फार थकवा आला, उताणं झोपलं की हे जास्त होतं. रात्रीच्या लाइनीवर ओलित असलं की घरात सगळ्यांचीच झोप मोडते, हे आपल्याला ठाऊक आहे. असं झालं तर घाबरू नका. एक बोट हलवायचा प्रयत्न करा, श्वास सावकाश घ्या. पुढं कुशीवर झोपा आणि झोपेची वेळ सांभाळा.

जागेपणीही मन दोन ठिकाणी असतं

आता जागेपणाचं बघा. भाकरी थापताना हात आपलं काम करत असतात आणि मन मात्र माहेरी जाऊन आलेलं असतं. दहा भाकऱ्या झाल्या, पण तिसरी कधी थापली हे आठवत नाही. म्हणजे मनाचा एक भाग काम करत होता आणि दुसरा भाग दुसरीकडे होता. ही ताकद प्रत्येकीच्या मनात आहे.

आता याच मनाला उपास घडवा, रात्रभर जागवा. धुपाचा वास, हलगीचा एकसारखा ठेका, भोवती गर्दी, आणि 'आता येणार, आता येणार' ही सगळ्यांची वाट पाहणारी नजर. नेहमीचं 'मी' मागं सरतं आणि मनाचा दुसरा भाग पुढं येतो. आवाज बदलतो, अंग घुमतं, नंतर काही आठवत नाही. तिनं ठरवून केलेलं नसतं, म्हणून ते सोंग नाही. पण ती काय बोलते, कुठल्या देवाचं नाव घेते, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं, ऐकलेलंच असतं.

आणि हे बायकांच्याच बाबतीत जास्त का दिसतं? ज्या सुनेला घरात तोंड वर करून बोलता येत नाही, तिच्या अंगात आलं की सासू हात जोडते, नवरा खाली बसतो. जे ती सून म्हणून बोलू शकत नाही, ते देवीच्या तोंडून बोललं जातं आणि त्याचा दोष तिच्यावर येत नाही. म्हणून घुमणं थांबल्यावर तिला पाणी द्या, विश्रांती द्या, आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा, "बाई, तुला काय सलतंय?"

आजार कधी समजायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हा फरक केलेला आहे. सणावाराला, रीतीप्रमाणे अंगात आलं, आणि त्या बाईला त्याचा त्रास नसला, तर तो आजार धरत नाहीत. पण नको असताना, वेळीअवेळी येत असेल, त्यानं तिचं कामधाम, खाणंपिणं, संसार बिघडत असेल, तर उपचार हवेत.

काही वेळा तर मुळात ते 'अंगात येणं' नसतंच. या चार खुणा पाठ करून ठेवा.

एक, फिट. अंग आखडतं, झटके येतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.

दोन, फवारणीहून आलेला माणूस बरळतो, घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते. ही विषबाधा आहे. तसंच जोराच्या तापात बरळणं. दोन्हींत तासभरही थांबायचं नाही.

तीन, बाळंतीण. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ती झोपतच नाही, आणि झोप नाही म्हणून थकतही नाही. भलतंसलतं बोलते, बाळाविषयी संशय घेते, कानात आवाज येतात म्हणते. साधारण हजार बाळंतपणांत एक-दोघींना हा आजार होतो. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेत औषध मिळालं तर ती चांगली बरी होते. या आजाराला 'बाहेरची बाधा' म्हणून आठ दिवस घालवणं सगळ्यात महागात पडतं.

चार, कुणाला महिनाभर कानात आवाज येत असतील, सगळ्यांवर संशय येत असेल, माणूस अंघोळ-जेवण सोडून कोपऱ्यात बसत असेल, तर तो मनाचा आजार आहे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त.

दर्ग्यात जाऊ नये का?

असं मी म्हणत नाही. तिथं आशा मिळते, घरचं माणूस दिवसरात्र सोबत बसतं, आणि या दोन्हींची आजारी माणसाला गरज असतेच. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे. तिथं 'दवा और दुआ' या उपक्रमात दुआ मागायला आलेल्याला मुजावरच डॉक्टरकडे पाठवतात. नवस फेडा, पण गोळी चुकवू नका.

मात्र साखळी आणि मार याला जागा नाही. तामिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका आश्रमवजा घरात 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. 28 माणसं गेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली आहे.

आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षं खपून काम केलं. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, चपलेचं पाणी पाजणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पूजा, भजन, यात्रा यांना हा कायदा हात लावत नाही.

मदत कुठं मिळेल?

आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि 14416 हा 'टेली मानस'चा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजारी माणसाऐवजी घरच्या बाईनं फोन केला तरी चालतो.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या गावात या महिन्यात कोण बाळंत झालं? रात्री तिला सलग चार तास झोप मिळावी म्हणून बाळाला कोण सांभाळेल?

2. गावात कुणाला बांधून किंवा कोंडून ठेवलं आहे का? त्या घरी भांडायला न जाता, मदत घेऊन कोण जाईल?

3. घरात जे बोलता येत नाही, ते अंगात न येता बोलता यावं, अशी जागा आपला गट होऊ शकेल का?

तिसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्या. आज इथंच थांबते. नमस्कार.