एकच गवत, दोन पोटं

दुपारी गोठ्यात डोकावलं तर गाय निवांत रवंथ करत बसलेली असते. नीट पाहा: गळ्यातून एक गोळा वर सरकतो, सावकाश चावला जातो आणि पुन्हा खाली उतरतो. दिवसाचे 7-8 तास यातच जातात. तिच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे कोटीपोट, 100 लिटरच्याही पुढे मावणारा. आंबवण्याची टाकीच ती! गवतातला सेल्युलोज गाईला स्वतःला पचत नाही. ते काम तिथले सूक्ष्मजीव करतात.

घोडा तेच गवत खातो, पण त्याचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. आंबवणं होतं ते पुढे, मोठ्या आतड्यात. रवंथ नाही, म्हणून मोकळा सोडला की तो सतत थोडंथोडं चरत राहतो. शिवाय गवत त्याला गाईइतकं पुरतं पचत नाही. पुरावा हवाय? लिदीत काड्या स्पष्ट दिसतात, शेण मात्र मऊसूत. सारवायला शेण घेतात ते उगाच नाही.

घोड्याची खरी अडचण वेगळीच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट, की त्याला उलटी होत नाही. धान्याच्या पोत्यात तोंड घालून त्याने भरपेट खाल्लं, तर पोटशूळ जिवावर बेततो. घोडा सारखा कुशीकडे वळून पाहतोय, घामाघूम होऊन लोळतोय, असं दिसलं तर काढे पाजत बसू नका. पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा.