यकृताचा कर्करोग आणि स्वस्त झालेलें औषध

यकृताच्या कर्करोगाचें निदान झालें कीं, जळगांव-धुळ्याकडील घरांत पहिला प्रश्न निघतो तो औषधाच्या किंमतीचा. जमीन विकावी कीं दागिने मोडावे, ही चिंता तेथूनच सुरू होते. हा प्रश्न अनाठायीं नाहीं. या रोगावरील एका औषधाच्या किंमतीचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता.

सोराफेनिब हें त्या औषधाचें नांव. कर्करोगाची गांठ आपल्या पोषणासाठीं नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. त्या वाढीस हें औषध अटकाव करतें. बायर या जर्मन कंपनीच्या १२० गोळ्यांस, म्हणजे एका महिन्याच्या औषधास, २,८०,४२८ रुपये पडत. ९ मार्च २०१२ रोजीं पेटंट नियंत्रकांनीं मुंबईहून दिलेल्या निर्णयानें हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याची किंमत ८,८०० रुपयांवर जाऊं नये, असें बंधन घालण्यांत आलें. औषध फारच थोड्या रुग्णांच्या हातीं पडतें व त्याची किंमत सामान्यांस झेपत नाहीं, हीं त्यामागील प्रमुख कारणें होतीं. भारतांतील असा हा पहिलाच परवाना. मुंबई उच्च न्यायालयानें तो २०१४ सालीं कायम केला. २०१२ च्याच जुलैंत राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळें होतें; जळगांवास ती पुढील वर्षीं पोंचली.

किंमत उतरली म्हणून रोग हटला, असें मात्र नव्हे. २००८ सालीं ६०२ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधी अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीं निम्मे रुग्ण ७.९ महिन्यांपलीकडे जगले. सोराफेनिब घेणाऱ्यांत ही मर्यादा १०.७ महिन्यांवर गेली. लाभ खरा, पण मर्यादित. शिवाय तळहात-तळपायांची कातडी सोलणें, जुलाब, रक्तदाब वाढणें हे त्रास आहेतच. ज्यांचें यकृत आधींच निकामी होऊन पोटांत पाणी झालें आहे, त्यांस या औषधाचा उपयोग थोडा.

पुढें डॉक्टरांच्या चिठ्ठींतहि पालट झाला. २०१८ पासून लेनव्हॅटिनिब या गोळ्या आल्या. २०२० मध्यें अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब या दोन इंजेक्शनांची जोडी सोराफेनिबपेक्षां सरस ठरली. वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण ५४.६ वरून ६७.२ टक्के झालें. परंतु हीं इंजेक्शनें महाग असल्यानें सर्वोत्तम औषध आणि परवडणारें औषध यांतील अंतर पुन्हां उभें राहिलें.

म्हणून औषधाआधीं दोन गोष्टी विचाराव्या : शस्त्रक्रियेनें गांठ काढतां येईल काय, आणि यकृताची शक्ति किती उरली आहे? गांठ लहान असतांनाच सांपडली, तर बरें होण्याची आशा अधिक. यकृताचा जुनाट विकार असणाऱ्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घेणें याचसाठीं हितकर. बाळाला हेपॅटायटिस-बीची लस, मद्याचा त्याग, आणि खानदेशांत पिकणारा भुईमूग व मका ओलसर न ठेवतां बुरशी धरलेले दाणे फेंकून देणें, हे उपाय तर त्याहूनहि स्वस्त. बुरशींतील अफ्लाटॉक्सिन हें विष यकृतास कर्करोगाकडे नेतें. सोराफेनिबची गोळी आयुष्याचे कांहीं महिने वाढविते. वेळींच घेतलेली खबरदारी कित्येकांना त्या गोळीची गरजच पडूं देत नाहीं.