जुन्या मिलिंग यंत्राची दुरुस्ती

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग यंत्राची तऱ्हा उलटी. येथे दातेरी कटर गरगर फिरतो आणि टेबलावर आवळून बसवलेला धातूचा तुकडा त्याच्याखालून हळूहळू सरकतो. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम या दोघांच्या कारखान्याने १९३८ साली असे एक उभे मिलिंग यंत्र विक्रीस आणले. त्याचे डोके हवे तसे कलवता येई. ते इतके लोकप्रिय झाले की, त्या घडणीच्या इतर यंत्रांनाही कारागीर ‘ब्रिजपोर्ट’च म्हणू लागले.

कारखान्यांनी मोडीत काढलेली अशी यंत्रे तिकडचे हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये आणून दुरुस्त करतात. वजन म्हणाल तर सुमारे ९०० किलो! ते सुटे करून हलवावे लागते. पुष्कळ जण मग आधी रंगाचा डबा उघडतात. पण रंगाने यंत्र देखणे होईल, अचूक होणार नाही. खरा प्रश्न झीज किती झाली हा आहे.

टेबलाचे हँडल एक पूर्ण फेरा फिरवले की टेबल ०.२ इंच सरकते. हँडलवरील चकतीवर २०० रेघा असतात. म्हणजे एक रेघ ही इंचाचा हजारावा भाग, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. जुन्या यंत्रात मात्र हँडल उलट फिरवू लागले, तर कित्येक रेघा निघून जातात तरी टेबल जागचे हलत नाही. पेच आणि नट यांचे आटे झिजून त्यांच्यात फट पडलेली असते. नट आवळून ती कमी करता येते. गंमत अशी, की बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर होत असल्याने पेचही मध्येच जास्त झिजतो. मध्यावर नीट बसेल असा नट आवळला, तर टोकांकडे तो जाम होतो!

टेबल ज्या पृष्ठांवरून सरकते, त्या बीडाच्या पृष्ठांचेही तसेच. त्यांवर मुद्दाम कोरलेल्या चंद्रकोरीसारख्या खुणा टोकांना शाबूत असल्या आणि मध्ये पुसट झाल्या असल्या, तर झीज कोठे झाली ते डोळ्यांनाच दिसते. तेलाच्या वाटाही तपासाव्या लागतात. कोणी तेलाऐवजी ग्रीस भरले असेल, तर ते घट्ट होऊन वाटा बुजतात आणि पृष्ठे कोरडी घासतात. रॉकेल आणि बारीक तार घेऊन या वाटा मोकळ्या करणे हे कंटाळवाणे काम खरे, पण ते टाळून चालत नाही.

आता झिजलेले पृष्ठ सपाट कसे करावयाचे? सरफेस प्लेट नावाच्या अतिशय सपाट पाटीवर निळ्या रंगाचा पातळ थर देतात आणि यंत्राचा भाग तिच्यावर हलकेच घासतात. जेथे उंचवटा, तेथे निळा डाग पडतो. तेवढाच भाग धारदार स्क्रेपरने खरवडावयाचा, पुसावयाचे, पुन्हा घासावयाचे. एका वेळी मिलिमीटरचे काही हजारांश भाग निघतात. सुरुवातीला दोनचार मोठे डाग दिसतात; शेवटी दर चौरस इंचात वीसेक बारीक ठिपके सारखे पसरलेले दिसले की काम साधले. ठिपक्यांमधल्या उथळ खळग्यांत तेल टिकून राहते.

पण मित्रांनो, मुळात ती पाटी सपाट आहे हे कशावरून? वाकडी पाटी घेतली, तर महिनाभर खपूनही यंत्र वाकडेच होणार. पहिली सपाट पाटी कोणत्या पाटीवर घासून बनवली असेल? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली ग्लासगो येथे निबंध वाचून खऱ्या सपाट पृष्ठांची कृती मांडली. तिची युक्ती अशी : दोन नव्हे, तीन पाट्या घ्या. दोनच पाट्या एकमेकींशी जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या छान बसतील. (दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी लोक याच गोष्टीचा फायदा घेतात!) म्हणून ‘अ’शी ‘ब’ जुळवा आणि ‘अ’शीच ‘क’ जुळवा. ‘अ’ फुगीर असेल, तर ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही खोलगट होतील. आता त्या दोघी समोरासमोर ठेवा. कडा टेकतील, मध्ये फट राहील. चोरी पकडली गेली! दोन्ही सारख्याच खरवडून जुळवा आणि पुन्हा पहिल्यापासून, पाळीपाळीने. पृष्ठाला पीळ असेल तर मात्र एवढ्याने तो कळत नाही. त्यासाठी पाट्या काटकोनात फिरवूनही ताडून पाहतात. तिन्ही पाट्या कशाही जुळू लागल्या की त्या सपाटच असल्या पाहिजेत, आणि त्यासाठी आधीची एकही सपाट वस्तू लागली नाही.

घरी काम करणारे अशी तयार पाटी विकत आणतात. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते. यंत्राची मोटर थ्री-फेज आणि घरातील वीज सिंगल-फेज! नुसती तशी जोडली, तर मोटर गुणगुणते पण फिरत नाही. कारण एका फेजने तिच्यातील चुंबकीय क्षेत्र नुसते मागेपुढे होते, गोल फिरत नाही. हल्ली सिंगल-फेजवरून तीन फेज तयार करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवतात.

जोडणी झाल्यावर शेवटची परीक्षा. कटरच्या जागी आडव्या दांडीवर डायल गेज बसवावयाचा, त्याचे टोक टेबलाला टेकवावयाचे आणि तो हाताने सावकाश गोल फिरवावयाचा. डोके टेबलाशी काटकोनात नसेल, तर काटा एका बाजूला चढतो आणि समोरच्या बाजूला उतरतो. मग बोल्ट किंचित सैल करून डोके जरासे कलवावयाचे, आवळावयाचे, पुन्हा फिरवावयाचे. पूर्ण फेऱ्यात काटा जवळजवळ स्थिर राहिला, की पहिला कटर बसवावयास हरकत नाही.